डॉर्कस थ्वेट गाढवघाट चढते

केल्डबीत सायकलवाल्यांचा मनापासून राग करणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे डॉर्कस थ्वेट. बाकी गावाला ती मंडळी म्हणजे फुकटची करमणूक होती. शनिवारी दुपारी लोकरीच्या गिरण्या सुटल्या की क्लबातली पोरं गुडघ्यापर्यंतच्या विजारी, लांब मोजे आणि बिल्ला लावलेल्या टोप्या घालून चौकात जमत. छातीला लागेल एवढ्या उंच चाकावर टुणकन उडी मारून बसत. बिगुल वाजे, कुत्री भुंकत आणि ती वरात डोंगराकडे निघे. बायका दारात येऊन बघत, म्हातारे तोंडातला पाइप काढून हसत. डॉर्कस तेवढी खिडकी लावून घेई.

तिचा राग अगदीच अकारण नव्हता. ती गावची सुईण. नवरा पाथरवट होता, तो लग्नानंतर थोड्याच वर्षांत दगडाच्या खाणीत दरड कोसळून गेला. मूलबाळ झालं नाही. सुईणपणाबरोबर हाडं बसवणं आणि मुरगळ काढणं हेही हळूहळू तिच्याकडेच आलं होतं. आणि त्या उंच चाकाची खोड अशी की समोर दगड आला की चाक थांबायचं, बसणारा मात्र थांबायचा नाही. तो हँडलवरून थेट पुढे, तोंडावर. डॉर्कसचं घर नेमकं उताराच्या पायथ्याशी होतं. कुणी तिच्या कोबीत पडे, कुणी कुंपणात, आणि मग तिथूनच लंगडत तिच्या दाराची कडी वाजवी.

"आई गं! हळू, थ्वेटबाई!" क्लबाचा बिगुलवाला ल्यूक एका एप्रिलात कोपर पुढे करून केकाटला.

"गप बस. जन्मलास तेव्हाही असाच गळा काढला होतास. चार घरं पलीकडे ऐकू गेलं होतं. तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं, हा पोरगा एक तर पाद्री होणार, नाहीतर लिलाव पुकारणार."

"पण एकदा बसून तर बघा. वारा असा कानाला लागतो की—"

"वारा माझ्या अंगणातही आहे. घे, हा हात गळ्यात बांधून ठेव, आणि पुढच्या वेळी पडायचंच असेल तर त्या बिन्सच्या दारात पड."

बिन्स म्हणजे क्लबाचा चिटणीस. शाळेत मास्तर होता. त्याला सायकलीपेक्षा सायकलींच्या नियमांची आवड जास्त. दोघादोघांनी रांगेत जायचं, कॅप्टनच्या पुढे कुणी जायचं नाही, गाडी समोरून आली तर टोपी काढायची, असं सगळं त्याने लिहून काढलं होतं आणि ते तो पाठही म्हणून दाखवी.

कॅप्टन मात्र अगदी वेगळा माणूस. सायलस हेब्डन, पन्नाशीला टेकलेला खोगीरवाला. हाताने कसबी, बोलायला कमी, आणि अविवाहित. गळ्याचं हाड मोडल्यावर त्याने उंच चाक सोडलं आणि कॉव्हेंट्रीहून एक तीनचाकी मागवली. ती निघाली दोन जागांची. शेजारी शेजारी बसायची, दोघांनी पायडल मारायचं. गावाने विचारलं, दुसरी जागा कुणासाठी? सायलस लाल होऊन म्हणे, "स्वस्तात मिळाली." एका बाजूला वजन पडून ती कलते म्हणून दुसऱ्या जागेवर तो ओटचं पोतं बांधून ठेवी. पोरांनी त्या पोत्याचं नाव 'मिसेस हेब्डन' ठेवलं होतं. "कॅप्टन, आज बाईसाहेबांची तब्येत कशी आहे?" असं रोज कुणी ना कुणी विचारी, आणि सायलसही पोत्यावर थाप मारून म्हणे, "झोपल्यात."

त्या वर्षी मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, रेस्ट्रिकच्या मळ्यावरून निरोप आला. घोंगड्या घेऊन बाजाराला निघालेल्या एका माणसाने डॉर्कसच्या दारात थांबून सांगितलं की एलन रेस्ट्रिकला कळा सुरू झाल्यात. पहिलटकरीण, आणि दिवस भरायला अजून अवकाश होता. डॉक्टर लीड्सला गेलेले. घोडागाडी मिळायची आशा नव्हती, कारण सगळ्या गाड्या बाजाराला. डॉर्कसने पिशवी उचलली, टोपीची नाडी हनुवटीखाली आवळली आणि चालू लागली. मळा डोंगरापलीकडे, आणि मधे गाढवघाट. त्या चढावर गाढवंसुद्धा थांबून विचार करत, म्हणून ते नाव.

चौकात सायकलवाले जमलेच होते.

"थ्वेटबाई, एवढ्या घाईने?" सायलसने टोपी काढली.

"रेस्ट्रिककडे. एलन अडलीय. वाटेतून बाजूला व्हा सगळे. तुमची खेळणी आवरा आधी."

सायलसने तिच्या पिशवीकडे पाहिलं, मग घाटाकडे. पुढे काय झालं ते केल्डबीत बरीच वर्षं सांगितलं जात होतं. त्याने पोत्याची दोरी सोडली आणि 'मिसेस हेब्डन'ला उचलून खाटकाच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"बसा," तो म्हणाला.

"ह्याच्यावर?"

"पायी गेलात तर तुम्ही पोचेपर्यंत पोर चालायला लागेल."

"कॅप्टन!" बिन्स पुढे आला. "आजचा दौरा मठाकडे ठरलाय. जुने अवशेष, मग चहा. सभेत मंजूर झालंय."

"बिन्स, तो मठ तीन-चारशे वर्षं पडलाय. अजून एक आठवडा पडून राहील. ल्यूक, वाजव!"

डॉर्कसला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. ती चढून बसली, परकर गोळा केला, पिशवी मांडीवर घेतली, आणि बिगुल वाजला. सगळा क्लब दोघादोघांच्या रांगेत तिच्या मागे. बायका दारांतून ओरडल्या, "अगं डॉर्कस, तू?" ती मान ताठ ठेवून समोर बघत राहिली, जणू आपण रोजच असं जातो.

"मी काय करायचं?" गावाबाहेर पडल्यावर तिने हळूच विचारलं.

"पाय पायडलवर. वळवायचं माझ्याकडे. ब्रेक तुमच्याकडे. तो दांडा. मी सांगितलं की ओढायचा."

"आणि पायडल?"

"नाही मारलंत तरी चालेल. पाहुण्या आहात."

"पाहुणी असेल तुमचं ते पोतं," डॉर्कस म्हणाली आणि जोरात पाय मारू लागली.

गाढवघाटात सगळेच उतरले. उंच चाकवाल्यांनी सायकली हाताने ढकलल्या, आणि चौघा-पाचांनी मिळून तीनचाकीला मागून रेटा दिला. ल्यूक अजून गळ्यात बांधलेला हात सोडून ढकलू लागला तेव्हा डॉर्कसने त्याला तिथेच झापलं. माथ्यावर वारा होता, माळावर मेंढ्या होत्या, आणि पलीकडे खाली, दूरवर, पोस्टाच्या तिकिटाएवढा रेस्ट्रिकचा मळा.

मग उतार लागला. उंच चाकवाल्यांनी पाय हँडलवर टाकले, म्हणजे पडलंच तर पायांवर पडावं, आणि ते ओरडत सुटले. तीनचाकीने आधी जरा विचार केला, मग तिनेही मनावर घेतलं. दगडी कुंपणं दोन्ही बाजूंनी पळू लागली. एक मेंढी रस्त्यात आली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदाच चटकन निर्णय घेतला.

"ब्रेक, थ्वेटबाई! ब्रेक!"

"ओढते, ओढते!" डॉर्कस ओरडली.

हात दांड्यावर होता खरा. पण ओढवेना. टोपी मागे उडून नाडीवर लोंबत होती, केस सुटले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जवळच कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. हे हसणं आपलंच आहे हे तिला जरा उशिराच कळलं. असं ती शेवटचं कधी हसली होती ते तिला आठवेना. वळणावर सायलसने "डॉर्कस!" अशी हाक घातली तेव्हा कुठे तिने दांडा ओढला, आणि गाडी फेसाळलेल्या घोड्यासारखी मळ्याच्या फाटकाशी थांबली.

अंगणात एलनचा नवरा एमॉस रेस्ट्रिक बाह्या वर करून उभा होता. तोंडभर हसत.

"झालीसुद्धा!" तो म्हणाला. "मुलगी आहे. मी म्हटलं, मेंढ्यांची एवढी बाळंतपणं केलीत, हे एक काय अवघड!"

"तू केलंस?" डॉर्कस पिशवी घेऊन त्याच्या अंगावरूनच आत गेली. एलन उशीला टेकून बसली होती. पोर लोकरीत गुंडाळलेलं, लालबुंद, मुठी आवळलेलं. डॉर्कसने नाळ पाहिली, दोघींना न्याहाळलं, हात धुऊन सगळं पुन्हा नीट केलं. खोट काढायला जागा नव्हती, तरी एमॉसला ती बोललीच. "कात्री उकळली होतीस का? उकळली होतीस? मग एवढा हसतोस कशाला?"

"बाई, एवढी घाई कशाला केलीत?" एलन थकलेल्या आवाजात म्हणाली. "केस बघा तुमचे. कुणी लागलं होतं का मागे?"

एमॉसने आनंदाच्या भरात अख्ख्या क्लबाला भाजलेलं डुकराचं मांस, अंडी आणि घरची बिअर दिली. बिन्ससुद्धा दोनदा वाढून घेताना दिसला. परत निघताना डॉर्कस तीनचाकीपाशी गेली आणि दुसऱ्याच बाजूने चढून बसली.

"ती माझी जागा," सायलस म्हणाला.

"होती. वळवते मी. ब्रेक तुमच्याकडे. मी सांगितलं की ओढायचा."

त्यानंतर तिला कुणी आवरू शकलं नाही. गावातल्या वकिलाने सांधेदुखीमुळे एक एकट्याची तीनचाकी सायलसच्या दुकानात आणून टाकली होती. सायलसने तिला नवी गादी शिवली. जून लागला तोवर डॉर्कस तिच्यावरून बाळंतिणींकडे जाऊ लागली होती. अडचण एकच होती. एकटी बाई यंत्रावर दिसली की गाडीवाले चाबूक फिरवत, पोरं ढेकळं मारत, आणि एका खाणावळीच्या मालकाने तर तिला चहा द्यायला नकार दिला. क्लबाचा बिल्ला असला की मात्र हेच लोक निमूट वाट देत.

म्हणून एका संध्याकाळी ती क्लबाच्या सभेला गेली. सभा दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत भरे. ती आत आली तशी खुर्च्या सरकल्या, पाइप विझले.

"मला बिल्ला पाहिजे," ती म्हणाली.

"ते शक्य नाही," बिन्स उठला. "हा सभ्य पुरुषांचा क्लब आहे."

डॉर्कसने खोलीवर नजर फिरवली. "सभ्य? ह्या खोलीतल्या निम्म्या पुरुषांना मी पाय धरून उलटं टांगलंय आणि ढुंगणावर चापट मारलीय. ल्यूक, तू. जोनास, तू. आणि टेबलाखाली बघतोयस तो कोण? हां, तूसुद्धा. तेव्हा तुमच्यापैकी कुणी नियम सांगितला नाही."

खोलीभर हसू फुटलं. बिन्सचा आवाज त्यात बुडाला, पण तो हटणारा नव्हता. "हसा! पण नियम नियम आहे. नव्या सभासदाने गाढवघाट एकट्याने चढला पाहिजे, खालपासून वरपर्यंत, पाय जमिनीला न लावता."

"तुम्ही कधी चढलात?" डॉर्कसने विचारलं.

"मी संस्थापक आहे. संस्थापकांना तो लागू नाही."

"बाकीचे?"

बाकीच्यांना एकाएकी बिअर आठवली. "धुकं होतं त्या दिवशी," ल्यूक पुटपुटला. "चढलो असेन. कुणाला दिसलं नाही एवढंच."

"शनिवारी चढते," डॉर्कस म्हणाली. "धुकं नसताना."

शनिवारी लख्ख ऊन होतं. आणि क्लबाने अपेक्षिलं नव्हतं ते झालं. केल्डबीतल्या बायका निघाल्या. जिच्या जिच्या बाळंतपणाला डॉर्कस होती ती प्रत्येक. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी टोपलीत मांसाची पाई आणि केक घेऊन, आणि निम्म्या जणी चालता चालता मोजे विणत. ल्यूकने बिगुल वाजवला आणि डॉर्कसने पायडल मारलं.

पहिला टप्पा ती जोमात चढली. दुसऱ्याला दमली. तीनचाकी गोगलगाईसारखी चालू लागली, आणि विणणाऱ्या बायका तिच्यापुढे निघून जाऊन पुन्हा मागे येऊ लागल्या. बिन्स कंबरेत वाकून तिच्या पायांवर नजर ठेवून बाजूने चालत होता.

"अहो मास्तर!" एक बाई ओरडली. "घाटभर बायकांच्या घोट्यांकडे टक लावून बघताय, लाज नाही वाटत?"

"मी... मी क्लबाच्या वतीने बघतोय!"

"क्लबाला सांगा, त्याने लग्न करावं!"

बिन्स कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात डॉर्कस थांबली. ब्रेकचा दांडा खाचेत अडकवला आणि हाश्श केलं. लगेच कुणीतरी मागच्या चाकाखाली एक दगड सरकवला.

"ही मदत झाली!" बिन्स ओरडला. "आणि थांबलात म्हणजे हरलात!"

"नियम काय म्हणतो? पुन्हा सांगा."

"पाय जमिनीला लागता कामा नये."

"लागलाय? मग मला तो केक द्या जरा."

ती तिथेच, चढावर, गादीवर बसून केक खाऊ लागली. चहा आला. कुणीतरी आपलं खोकणारं पोर तिच्या मांडीवर दिलं, तिने त्याची छाती ऐकली आणि कांद्याचा रस सांगितला. मग दगड काढायला लावला, ब्रेक सोडला आणि आणखी एक वळण चढली. पुन्हा दगड, पुन्हा विसावा. बिन्सने मनातल्या मनात सगळे नियम पुन्हा म्हणून पाहिले. किती वेळात चढायचं ते लिहायचं तो विसरला होता.

ऊन उतरू लागलं तेव्हा ती शेवटच्या आणि सगळ्यात तीव्र चढाच्या खाली थांबली होती. चेहरा बिटासारखा, केस कपाळाला चिकटलेले. सायलस दिवसभर मागे राहून चालला होता, मदत केली असं कुणी म्हणू नये म्हणून. आता तो पुढे आला, टोपी काढली, तिची कड दोन्ही हातांनी फिरवू लागला.

"थ्वेटबाई, एक विचारायचं होतं."

"विचारा. मी कुठे पळून जाणार आहे?"

"तेच. म्हणजे... तुम्ही एरवी सापडत नाही. कुणी ना कुणी अडलेलं असतं. म्हणून म्हटलं, आत्ता..." त्याने टोपी छातीशी धरली. "माझ्याशी लग्न कराल का?"

जवळच्या बायकांच्या सुया थांबल्या. एक पोर रडत होतं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हेब्डन," डॉर्कस म्हणाली, "मला उतरता येत नाही हे बघून गाठलंत होय?"

"हो," सायलस प्रामाणिकपणे म्हणाला.

"चढाच्या मधे मी कुणाला उत्तर देत नाही. दम पुरत नाही. बाजूला व्हा."

तिने दगड लाथाडायला सांगितलं, ब्रेक सोडला आणि पायडलवर उभी राहिल्यासारखा जोर लावला. चाक क्षणभर मागे यायला लागलं. बायका श्वास रोखून उभ्या. "चल गं डॉर्कस!" एलन रेस्ट्रिक माथ्यावरून ओरडली. ती पलीकडून मुलीला घेऊन चढून आली होती. "चल गं!" सगळ्याच ओरडू लागल्या. क्लबातली पोरं आपलं मत कुणाकडे होतं ते विसरली आणि टोप्या हवेत फेकू लागली. चाक पुढे सरकलं. वीतभर, मग हातभर. शेवटी रस्ता सपाट झाला, तीनचाकी आपसूक धावली आणि गवतात जाऊन थांबली.

डॉर्कस उतरली नाही. "बिन्स!" ती धापा टाकत म्हणाली. "आधी सांगा. मगच पाय खाली ठेवते."

बिन्सने ऊर भरून श्वास घेतला. त्या माणसाचा एक गुण मानला पाहिजे. नियम त्याच्या विरुद्ध गेला तरी तो नियमाच्याच बाजूने राही. त्याने टोपी काढली, तिच्यावरचा स्वतःचा बिल्ला सोडवला आणि पुढे केला.

"नियमात बसतं," तो म्हणाला. "आणि बाई, खरं सांगायचं तर... मला नसतं जमलं."

"तुम्ही संस्थापक आहात," डॉर्कस हसून म्हणाली. "तुम्हाला ते लागू नाही."

मग तिने पाय खाली ठेवले आणि ते दोन्ही मुंग्या येऊन बधिर झालेले निघाले. दोघी बायकांनी तिला काखेत धरून उतरवलं, सगळ्या हसत होत्या, तीही. गवतात चादरी पसरल्या गेल्या, टोपल्या उघडल्या, एमॉसने बिअरचं पिंप आणलं होतंच. सायलस जरा दूर, तीनचाकीची साखळी उगाच तपासत बसला होता.

डॉर्कस लंगडत त्याच्यापर्यंत गेली.

"काय विचारत होतास मघाशी?"

त्या एकेरी 'होतास'ने सायलसचं सगळं धैर्य गेलं. "मी... म्हणजे तुम्ही..."

"तू म्हण. लग्न करायचं म्हणतोस आणि तुम्ही काय? एक ऐक. मी बाळंतपणं सोडणार नाही. जेवण वेळेवर मिळणार नाही."

"मला करता येतं."

"काय करता येतं?"

"मटणाचा रस्सा. आणि लापशी."

"लापशी सगळ्यांनाच येते," डॉर्कस म्हणाली आणि त्याच्या शेजारी गवतात बसली. "बरं. करते. पण आधी मला काहीतरी खायला आण, नाहीतर मी आत्ताच मरेन आणि तू पुन्हा एकटा."

तो धावतच गेला. कुणीतरी व्हायोलिन काढलं. पोरींनी पोरांना ओढून गवतात नाचवायला सुरुवात केली, आणि एलनची लेक एवढ्या गोंगाटात ढाराढूर झोपली होती.

लोकर कातरणी आटोपल्यावर दोघांचं लग्न झालं. पुढच्या वसंतात क्लबात बायका इतक्या झाल्या की बिन्सला नियम नव्याने लिहावे लागले. त्या नव्या नियमांत गाढवघाट राहिला होता. फक्त त्याखाली एक ओळ वाढली होती, की चढताना वाटेत थांबून चहा घेण्यास हरकत नाही.